तनूचा रंग

कडुबाच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा जन्मला तेव्हा आजीनं मुद्दाम त्याचं नाव कडुबा ठेवलं. कडू जिनसाला कुणी तोंड लावत नाही, तसं मरणानंही लावू नये, एवढीच त्या म्हातारीची आशा. नाव लागू पडलं. पोरगा पिशोरच्या विहिरीत पडून वाचला, विंचू चावून वाचला, आणि मिसरूड फुटायच्या वयात शेतीचा वाटा चुलतभावावर सोपवून शहरात आला. चिकलठाण्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला, तो केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिला. मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडं त्यानं दोन खोल्या बांधल्या; आधी वर पत्रे होते, मग स्लॅब पडला. उंचीला बेताचा, हातानं राकट, बोलायला कमी. पण एखादी वस्तू बिघडलेली दिसली की त्याला चैन पडत नसे. गल्लीत कुणाचा नळ गळो, कुणाचा पंखा खडखडो, कडुबा पक्कड घेऊन हजर.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास थकल्यावर त्याला मुलगी झाली. वच्छलाबाई, त्याची बायको, म्हणाली, "दगडाबाई ठेवू. नजर नाय लागायची."

"हॅट!" कडुबा म्हणाला. "मह्या लेकीला असलं नाव नको. शाळेत पोरं कशी हसत्यात, ते मला इचार."

त्यानं तिचं नाव तनुजा ठेवलं. कंपनीतल्या एका साहेबाच्या मुलीचं नाव त्यानं ऐकलं होतं, ते त्याच्या कानात राहिलं होतं.

तनुजा रंगानं बापावर गेली. सावळी, त्यातही गडद. गुऱ्हाळातून नुकत्याच काढलेल्या गुळाच्या ढेपेवर ऊन पडलं की जसा रंग दिसतो तसा तिचा रंग होता, आणि कडुबा तिला कडेवर घेऊन गल्लीत फिरायचा तेव्हा लोकांना सांगायचा, "गूळ हाय महा, गूळ." त्याला तिच्या रंगात कधी काही कमी दिसलं नाही. कमी दिसायला लागलं ते इतरांना, आणि मग त्यांच्याकडून तिला. शाळेत वर्गाचा फोटो काढताना फोटोवाल्यानं तिला पुढच्या रांगेतून उठवून मागं पाठवलं. "तू मागं जा, तुझ्यामुळं उजेड बिघडतो," एवढंच तो म्हणाला. पोरी हसल्या. त्या दिवसापासून कॅमेरा दिसला की तनू कुणाच्या तरी पाठीमागं जायची. मामाच्या लग्नात, पिशोरच्या जत्रेत, कॉलेजच्या सहलीत, जिथं जिथं फोटो निघाला तिथं तिची वेणी दिसते, खांदा दिसतो, चेहरा दिसत नाही.

बी.एस्सी. होऊन ती एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. स्थळं यायची, पोहे खायची. निरोप यायचा, "मुलगी चांगली आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढं कुणी बोलत नसे. वच्छलाबाई मग डाळीचं पीठ आणि साय कालवायची आणि तनू मुकाट्यानं तोंडाला लावून बसायची.

मग जालन्याचा सुदर्शन आला. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, वडील नाहीत, आई आणि तो. तनूनं चहाचा कप पुढं केला तेव्हा त्यानं तिच्याकडं सरळ पाहिलं आणि तिथंच हो म्हणून टाकलं. कडुबानं आयुष्यात इतकं मोठं सुख दुसरं पाहिलं नव्हतं. लग्न जोरात केलं. शूटिंगसुद्धा लावली.

लग्नानंतर महिन्याभरानं अल्बम आणि शूटिंग आली. तनू माहेरी आली होती. तिनं अल्बम उघडला, पहिलंच पान पाहिलं आणि खळखळून हसली. "बाबा, ही कोण?"

फोटोतली नवरी गोरी होती. गोरी म्हणजे अगदी दुधासारखी, गालावर गुलाबी.

"लई झ्याक दिसतीस," कडुबा म्हणाला. त्याला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. स्टुडिओवाले सगळ्यांचंच करतात तसं. वच्छलाबाईनं तर ते पान गल्लीभर दाखवलं. तनू हसत राहिली, आणि जरा वेळानं अल्बम मिटून आत गेली.

लेक पिहू अडीच वर्षांची होती त्या भाद्रपदात तनूला डेंग्यू झाला. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले, आणि ताप उतरल्यावरच खरं दुखणं सुरू झालं. पेशी पडत गेल्या. डॉक्टरांनी करायचं ते केलं, सुदर्शन रक्तासाठी शहरभर पळाला. लॅबमध्ये लोकांच्या पेशी मोजणारी पोर आपल्याच पेशींचा आकडा रोज विचारायची, आणि एका सकाळी तिनं तो विचारला नाही. कडुबा तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. आपलं नाव कडू आणि लेकीचं गोड, हे त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारानं त्याला पुढं कित्येक महिने सोडलं नाही.

त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

यंदाच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी सुदर्शन पिहूला घेऊन आला. पिहूला सुट्टीभर आजोळी ठेवायचं ठरलं होतं. जेवणं झाली. चहा झाला, तरी सुदर्शन रिकामा कप खाली ठेवीना.

"मामा, एक बोलायचं होतं."

"बोला की, जावईबापू."

"आईच्यानं आता होत नाही. पिहूची शाळा, डबा, आजारपण... घरचे मागं लागलेत. परतूरचं स्थळ आहे. करुणा नाव. तिचेही पहिले..." त्यानं कप खाली ठेवला. "पिहूसाठी म्हणून नाही म्हणत मी. मलाही घरात फार एकटं वाटतं."

कडुबा जमिनीकडं बघत राहिला. हा दिवस येणार हे त्याला माहीत होतं. तो आला की आपण नीट वागायचं, हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. पण वच्छलाबाईच स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "करा. लेकराला माय लागती." आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

निघताना सुदर्शननं खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. "आमच्या लग्नाची शूटिंग आहे यात. तुमच्याकडं राहू द्या. नवं माणूस घरात येणार, तिच्यासमोर कपाटात ठेवणं मला बरं वाटत नाही. आणि टाकून तर देववत नाही."

कडुबानं तो दोन्ही हातांनी घेतला, देवळातला अंगारा घ्यावा तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तो टीव्हीला लावला. टीव्ही मोठा होता, निवृत्त झाल्यावर घेतलेला. वच्छलाबाई भिंतीला टेकून बसली, पिहू कडुबाच्या मांडीवर. सनई सुरू झाली, मांडव दिसला, आणि नवरी आली.

"ही बघ तुझी मम्मी," वच्छलाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

पिहू आईची सहीसही नक्कल होती. तेच डोळे, तीच हनुवटी, तोच गुळाचा रंग. तिनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडं.

"मम्मी किती गोरी होती," ती म्हणाली. "मग मी कोणावर गेले?"

"मम्मीवरच गेलीस, माय."

"नाही. मी काळी आहे. शाळेत श्रीशा म्हणते, तू काळी आहेस. मम्मी काळी नव्हती."

रडून वगैरे नाही म्हणाली. बाहेर ऊन आहे म्हणावं तशी म्हणाली. कडुबा तिला मांडीवरून खाली ठेवून उठला आणि त्यानं रिमोट हातात घेतला.

"थांब. हा टीव्हीच बिघडलाय. मम्मी अशी नव्हती. आबा नीट करतो."

इतक्या वर्षांत त्यानं त्या रिमोटची चॅनेल आणि आवाज ही दोनच बटणं दाबली होती. आता तो सेटिंगमध्ये शिरला. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायची सवय त्याला मशीनच्या पॅनेलमुळं होती. पिक्चर. त्यात स्टँडर्ड, व्हिविड, सिनेमा. व्हिविड केलं तर तनूचे गाल पेटल्यासारखे लाल झाले आणि शालू अंगावर आला. सिनेमा केलं तर सगळा मांडव पिवळट पडला, पण तनू गोरीच. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर. एक कमी करावं तर दुसरं रुसतं. कलर अगदी खाली नेला तर लग्न राखेसारखं झालं, त्यानं घाईघाईनं पुन्हा वर आणला.

संध्याकाळी जहांगीरभाई आला. कंपनीत बाजूच्याच मशीनवर याची उभी हयात गेलेली. तनूला त्यानंच सायकल शिकवली होती. कडुबाचा उद्योग पाहून तो शेजारी बसला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "कडुबाभाऊ, वो टिंट को हात मत लगाव. सब हरा हो जाता."

"लावला. झालं हिरवं."

"अपनी तनू ऐसी नहीं थी," जहांगीरभाई पडद्याकडं बघत हळूच म्हणाला. "ये तो कोई साहब की बेटी लगती."

मग त्या आठवड्यात कडुबाचं तेच चाललं. पिहू गल्लीत खेळायला गेली की तो टीव्हीसमोर बसायचा. एक एक घर खाली, एक एक घर वर. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. आणि एका दुपारी जमलं. ब्राइटनेस बराच खाली, कॉन्ट्रास्ट मधोमध, रंगाची ऊब वाढवलेली. मंगळसूत्र बांधताना नवरीनं मान खाली घातली होती, दिव्याचा झोत दुसरीकडं गेला होता, आणि तिथं, पडद्यावर, तनू होती. त्याची तनू. तोच रंग. त्यानं चित्र थांबवलं.

"तनूची माय! ए, इकडं ये! लवकर ये!"

वच्छलाबाई कणकेच्या हातांनीच धावत आली. उंबऱ्यातच थबकली. तिच्या मनगटावरून कणकेच्या पाण्याचा ओघळ खाली आला तरी तिला कळलं नाही. मग ती पुढं सरकली, पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "अहो, पण बाकी सगळे कुठं गेले?"

खरंच, बाकी कुणी उरलं नव्हतं. मांडवात अंधार कोंदला होता. सुदर्शन म्हणजे नुसता फेटा. वच्छलाबाईचा भाऊ, जो पुढं कोरोनात गेला, तो नवरीच्या मागं उभा होता. तिथं आता काळा डाग होता.

कडुबानं चित्र पुढं सोडलं. नवरीनं मान वर केली, झोत तिच्यावर आला, आणि ती पुन्हा गोरी झाली, अंधारात एकटीच पांढरी. जुळलेलं सगळं गेलं. त्यानं पुन्हा मागं नेलं, पुन्हा पुढं.

"राहू द्या ना आता," वच्छलाबाई म्हणाली.

"का राहू द्यू? लेकराला वाटतंय तिची माय दुसरीच कोणी व्हती."

"आन् मला काय वाटतंय ते?" ती एकदम म्हणाली. "मला ती गोरीच बघू द्या. एक दिवस तरी दिसली ना तशी. तिच्या मनात किती व्हतं, तुमाला काय ठाव? तोंडाला पीठ लावून बसायची तवा डोळं मिटून काय मागायची, ते मी बघितलंय."

"तिच्या मनात नव्हतं ते," कडुबा म्हणाला. "आपण घातलं."

कडुबाला बोलल्याबरोबर कळलं, की 'आपण' म्हणालो तरी घाव तिच्यावरच बसला. ती कणकेचे हात घेऊन आत गेली, आणि त्या दिवशी पोळ्या करपल्या.

दोनेक दिवसांनी जहांगीरभाईला घेऊन तो स्टुडिओत गेला. लग्नाची शूटिंग केलेला, जालना रोडवरचा, याह्या नावाच्या माणसाचा स्टुडिओ. लग्नाच्या वेळी पोरगेला असलेला याह्या आता दाढी राखलेला, दोन लेकरांचा बाप झाला होता. त्यानं दोघांना बसवलं, पाणी दिलं.

"भाऊ, ते कॅमेऱ्यातलं असतं ना, काही न करता, जसंच्या तसं, ते पायजे," कडुबा म्हणाला. "गोरं करायच्या आधीचं."

याह्यानं मान हलवली. "चाचा, इतकी वर्षं ते कोण ठेवतं? डिस्क भरली की पुसून पुढचं लग्न घ्यायचं. तुमचं कधीच गेलं."

"मग हेच काळं कर."

याह्यानं ते हसण्यावारी नेलं नाही. त्यानं पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, नवरीचा चेहरा मोठा केला आणि बराच वेळ खटपट करत बसला. चेहरा काळसर होत गेला, पण जिवंत होईना. कधी तांब्यासारखा, कधी राखेसारखा. याह्यानं हात मागं घेतले.

"चाचा, गोरं करताना चेहऱ्यातलं जे जातं ना, ते परत येत नाही. माझ्याकडं रंग पुष्कळ आहेत. पण मी घालेन तो माझा रंग होईल, तुमच्या मुलीचा नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही खूश व्हाल."

"झालो व्हतो," कडुबा म्हणाला.

घरी येऊन त्यानं तनूचा एखादा खरा फोटो शोधायचा तेवढा शोधला. पिशोरला चुलतभावाला फोन केला, लॅबमधल्या मैत्रिणीला केला. तनूच्या मोबाईलमधले फोटो सुदर्शननं जपून ठेवले होते, पण तो मोबाईलच असा, की कुणाचाही चेहरा आपोआप धुऊन काढायचा. आधार कार्डावर तर कोण आहे तेच ओळखू येत नव्हतं. ज्या पोरीनं आयुष्यभर कॅमेऱ्यापुढून पळ काढला, तिचा खरा चेहरा कुठंच उरला नव्हता. त्याला आठवत होता. पण आठवणीला पेन ड्राइव्ह नसतो.

मग त्यानं त्याला सुचलं ते केलं. पिहूला जवळ घेतलं, आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला.

"हा बघ. असाच मम्मीचा रंग. मह्यावर गेली ती, आन् तू तिच्यावर."

"मग टीव्हीतली?"

"ती खोटी. लग्नात पावडर लावतात, नंतर मशीनमधी घालून आणखी पांढरं करतात. ती मम्मी नायच. खरी मम्मी तुझ्यासारखी व्हती."

पिहूचा चेहरा फुलला. "खोटी मम्मी!" ती टाळ्या पिटत म्हणाली. मग ते तिचं गाणंच झालं. टीव्ही बंद असला तरी त्याच्याकडं बोट करून म्हणायची, "त्यात खोटी मम्मी आहे." जहांगीरभाईच्या घरी जाऊन सांगून आली. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "मी खऱ्या मम्मीसारखी." वच्छलाबाईला ते आवडलं नाही, पण पोर खुशीत आहे हे बघून तिनं अडवलं नाही. कडुबाला कित्येक दिवसांनी झोप लागली. बिघडलेलं काही तरी आपण दुरुस्त केलं, असं त्याला वाटलं.

जूनमध्ये सुदर्शन पिहूला न्यायला आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरच्या घरी त्याचं लग्न झालं. कडुबा आणि वच्छलाबाईला त्यानं बोलावलं होतं; ते गेले नाहीत, पण वच्छलाबाईनं नव्या नवरीसाठी साडी पाठवली.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी कडुबा दाढी करत होता तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आबा, मी करुणा बोलते. जालन्याहून."

"बोल, बाई," तो म्हणाला.

"रागावू नका, पण विचारायचं होतं. पिहूच्या मम्मीचा लग्नातला फोटो आहे ना पुढच्या खोलीत, हार घातलेला? तो पिहूनं काढायला लावला. म्हणते, ही खोटी मम्मी आहे, आबांनी सांगितलंय. काढला नाही तेव्हा जेवेना. शेवटी काढला." ती जरा थांबली. "आता येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, नवी आली आणि तिनं पहिलीचा फोटो उतरवला. सासूबाईंनाही तसंच वाटतंय. माझं जाऊ द्या, मी ऐकून घेईन. पण पोरगी रोज विचारते, खऱ्या मम्मीचा फोटो कुठंय. तुमच्याकडं एखादा असेल तर पाठवता का?"

कडुबाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत होता. "नाय," तो म्हणाला. "नाय, बाई. एकबी नाय."

फोन ठेवल्यावर तो तिथंच मोरीच्या कठड्यावर बसला. वच्छलाबाईनं दोनदा विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती बोलेल, आता मनासारखं झालं का म्हणेल. ती म्हणाली, "उठा. तोंड धुवा. जाऊन येऊ."

मुकुंदवाडीच्या स्टेशनावरून त्यांनी सकाळची गाडी धरली. गाडीत दोघं खिडकीशी समोरासमोर बसले. बाहेर कपाशी फुलावर आली होती. बदनापूर गेल्यावर कडुबा म्हणाला, "मह्या हातानं मीच पुसली तिला. जी काय उरली व्हती, ती."

"नाय," वच्छलाबाई म्हणाली. "असं नका म्हणू."

करुणा दारात उभी होती. अंगावर वच्छलाबाईनं पाठवलेलीच साडी होती. ती वाकून पाया पडली तेव्हा वच्छलाबाईचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. पिहू पळत आली, कडुबाच्या पायांना बिलगली. "आबा, खरा फोटो आणला?"

कडुबा खाली बसला. करुणानं आतून फोटो आणून दिला. फोटोवरची काच तिनं पुसून ठेवली होती. त्यानं तो मांडीवर उभा धरला.

"पिहू, हीच मम्मी हाय."

"तुम्हीच म्हणाले खोटी."

"मी चुकीचं बोललो. मला राग आला व्हता. हीच हाय ती."

पिहूनं भुवया आवळल्या. तनू हिशेब जुळला नाही की अशाच आवळायची. "मग मम्मी गोरी होती?"

सोपं उत्तर दोन्हीकडं होतं. हो म्हटलं तर फोटो भिंतीवर जाणार होता. नाही म्हटलं तर पोरीचा रंग तिच्यापाशी राहणार होता. कडुबानं वच्छलाबाईकडं पाहिलं, पण ती करुणाकडं बघत होती, आणि करुणा जमिनीकडं.

"सावळी व्हती," तो म्हणाला. "तुझ्यासारखीच. आन् ही तीच हाय. रंग तेवढा तिचा नाय, त्यो लोकांनी दिला. बाकी समदी तीच हाय. डोळं बघ. हनुवटी बघ."

पिहूनं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. कडुबाला वाटलं, आता ती ओळखेल. पण अडीच वर्षांची असताना गेलेली आई कुणाला ओळखता येते? पोरीपाशी ताडून बघायला काही नव्हतंच. तिच्याकडं होता तो एक फोटो आणि एक आजोबा, आणि दोघांनी तिला वेगवेगळं सांगितलं होतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. मोठ्या माणसांचं ऐकून घेताना लहान मुलं म्हणतात तसं. मग अंगणात खेळायला गेली. बाहेरून तिचा आवाज आला, शेजारच्या मुलीला ती सांगत होती, "माझे आबा आलेत." मम्मीचं नाव त्यात नव्हतं.

वच्छलाबाईनं डोळे टिपले आणि करुणाला विचारलं, "खिळा हाय का जागेवर?"

"आहे," करुणा म्हणाली. "मी काढला नव्हता."

ती आतून स्टूल घेऊन आली. स्टुलाचा एक पाय आखूड होता, डगडगत होता. सवयीनं कडुबाच्या मनात आलं, त्याच्याखाली पत्र्याचा तुकडा ठोकून द्यावा. पण तो पत्रा शोधायला गेला नाही. करुणा वर चढली, वच्छलाबाईनं फोटो तिच्या हातात दिला, आणि कडुबा दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून, मान खाली घालून उभा राहिला.